पलासियातलं कपाट

इंदूरच्या पलासिया चौकातून एबी रोडनं देवासची वाट धरली की साधारण पस्तीस किलोमीटरवर माताजीची टेकडी दिसायला लागते. तिच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ नावाचं घर आहे. क्षयानं पोखरलेलं फुफ्फुस घेऊन कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत देवासला आले ते माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून. हवा मानवली, गाव मानवलं आणि १२ जानेवारी १९९२ ला ते गेले तेही देवासातच. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत इंदूरच्या मराठी घरांना हा रस्ता पाठ झाला होता. कधी इंदूरकर देवासला जात, कधी कुमारजी इंदूरला येत. राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर गुरुजी, बाबा डिके ही मैतर मंडळी इंदूरचीच. बैठकीत कुणी ना कुणी स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसलेला असे.

आता असं समजा, जुन्या पलासियातला एक बंगला पाडून तिथे बहुमजली इमारत उठायची आहे. माळ्यावरच्या कपाटात सहा स्पूल सापडतात. एका डबीवर निळ्या शाईनं लिहिलंय: ‘कुमार. घरची बैठक. नोव्हें. ६८.’ ज्यांनी लिहिलं ते आजोबा केव्हाच गेले. मुलांना गाण्याचं वेड नाही, नातीला आहे. खाली कबाडी हातगाडी लावून उभा. नात विचारते, हे आता कुणाचं?

घर काल्पनिक आहे, प्रश्न मात्र इंदुरातल्या पुष्कळ माळ्यांवर धूळ खात पडलाय. कलावंत गेल्यावर मागे काय उरतं, त्यातलं विकता येण्याजोगं किती, वाटता येण्याजोगं किती आणि त्याच्या नावानं काही चांगलं काम उभं करायचं तर पैसा कुठून आणायचा, हे सगळं त्या डबीत आहे.

फीत घरच्यांची, याबद्दल वाद नाही. ती त्यांच्या पितळेच्या पातेल्यासारखीच. पण फितीवर काय आहे? समजा आधी राग नंद आहे. राग कुणाच्याच मालकीचा नसतो. कुमारजींनी स्वतः शोधलेले संजारी, मालवती, लगनगंधार हे रागसुद्धा कायद्याच्या लेखी मोकळेच आहेत. स्वरांच्या चालण्यावर सातबारा निघत नाही. शेवटी कबीराचं निर्गुणी भजन असेल, तर त्या शब्दांवरही कुणाचा हक्क नाही. मधे मात्र कुमारजींनी स्वतः बांधलेली एखादी बंदिश असली, तर ती त्यांची आणि त्यांच्यामागे वारसांची. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूचं वर्ष संपल्यापासून पुढे साठ वर्षं हा हक्क चालतो. म्हणजे कुमारजींच्या रचना २०५२ च्या ३१ डिसेंबरला मोकळ्या होतील.

साठ हा आकडाही गमतीचा आहे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचं साहित्य १९९१ संपताच सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. विश्वभारतीचं त्यावर बरंच काही अवलंबून होतं, म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. ती वाढ काही एकट्या टागोरांपुरती करता येत नव्हती. त्याच १९४१ च्या डिसेंबरात आमच्या माळव्याचे, ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे गेले होते. तांब्यांच्या कवितेलाही न मागता दहा वर्षं मिळाली. कुमारजींनी ‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम केला तेव्हा ही कविता हक्काच्या मुदतीत होती. आज नाही.

पुढचा थर गाणाऱ्याचा. रचना करणं वेगळं आणि ती गाणं वेगळं, हा फरक आपल्या कायद्यानं फार उशिरा मानला. गायक-वादकाला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि तो आज सादरीकरणाच्या वर्षानंतर पन्नास वर्षं चालतो. यात तबलजी आणि पेटीवालेही आले, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. आणि शेवटचा थर ध्वनिमुद्रणाचा. आजोबांनी यंत्र लावलं, बटण दाबलं, म्हणून त्या मुद्रणाचे निर्माते ते. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, पण ती साठ वर्षं मोजायची प्रसिद्धीच्या वर्षापासून. हा स्पूल कधी प्रसिद्धच झाला नाही. त्याचं घड्याळ अजून सुरू व्हायचंय.

आता पेच बघा. बंदिशीचा हक्क देवासच्या घराकडे, फीत आणि मुद्रण पलासियाच्या घराकडे. नात ते परस्पर इंटरनेटवर टाकू शकत नाही आणि कुमारजींच्या घरचे लोक तिच्या कपाटाला हात लावू शकत नाहीत. दोघं एकमेकांकडे गेल्याशिवाय गाणं कुणाच्याच कानी पडणार नाही.

ख्यालाचं सोडा, भावगीतातही हीच वाटणी आहे, फक्त तिथे ती स्वच्छ दिसते. इंदूरचेच अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेलं ‘शुक्रतारा’ घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे चालीचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ ला गेले, म्हणजे शब्दांचा २०७५ अखेरपर्यंत. दोनच दिवस पुढे गेले असते तर कवितांना आणखी एक अख्खं वर्ष मिळालं असतं. असल्या हिशोबानं कुणी जगत-मरत नाही, पण वारसा सांभाळणाऱ्याला भिंतीवर हे कॅलेंडर लावूनच बसावं लागतं.

बंदिशीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १९९४ च्या दुरुस्तीआधी आपल्या कायद्यात ‘संगीतरचना’ म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली रचना. ज्या परंपरेत सगळं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरतं, तिच्यासाठी ही व्याख्या म्हणजे थट्टाच. कुमारजींनी १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा आपल्या बंदिशींचा संग्रह मौज प्रकाशनाकडून स्वरलिपीसह काढला. कायद्याचा विचार करून काढला असेल असं मला वाटत नाही, शिकणाऱ्यांच्या हाती नेमकं काही पडावं हाच हेतू असणार. पण त्या पुस्तकानं वारसांच्या हाती एक पक्का कागद दिला. कोणती बंदिश कुणाची, शब्द कोणते, स्वर कोणते, केव्हाचे. दुसरा भाग त्यांच्या निधनानंतर आला.

असा कागद नसला की काय होतं, हे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं असं की, त्यांचे वडील आणि काका, म्हणजे धाकटे डागर बंधू, यांची ‘शिवस्तुती’ ए. आर. रहमान यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागातल्या गाण्यात आली आहे. एप्रिलमध्ये एकल पीठानं डागरांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठानं तो रद्द केला. ही रचना ते गात होते एवढ्यावरून ती त्यांनीच रचली असं प्रथमदर्शनी ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख. कुणाची बाजू खरी, ते न्यायालय बघेल. पण मागच्या पिढीनं सादर केलेलं आणि मागच्या पिढीनं रचलेलं यात कोर्ट फरक करतं, ही गोष्ट प्रत्येक घराण्यानं ऐकून ठेवण्यासारखी आहे.

वहीचं महत्त्व कायद्यात आणखी एका ठिकाणी दडलंय. गवयानं मृत्युपत्रात आपली बंदिशींची अप्रकाशित वही एखाद्या शिष्याला दिली आणि दुसरं काही म्हटलं नाही, तर वहीबरोबर त्यातल्या रचनांचा हक्कही शिष्याकडे जातो. मृत्युपत्रच नसेल तर हक्क घरदार-दागिन्यांसारखाच वारसांत वाटला जातो. मग एका बंदिशीचे चार मालक, पुढच्या पिढीत अकरा, त्यातले तीन परदेशात, आणि परवानगीसाठी सही घ्यायची तर कुणाकडे जायचं हेच कळत नाही.

हे झालं हक्कांचं. आता पैशाकडे येऊ, कारण वारशातून कलेचं काम उभं राहतं ते पैशावर.

इंग्लंडमध्ये हे फार देखणेपणानं घडलेलं आहे. राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं १९५६ मध्ये, मरणाच्या दोन वर्षं आधी, एक न्यास केला आणि आपल्या रचनांची रॉयल्टी त्याच्याकडे वळवली. हेतू स्वतःचा पुतळा उभारण्याचा नव्हता. इतर रचनाकारांना, विशेषतः नव्या लोकांना, मदत मिळावी हा होता. तिथे मुदत सत्तर वर्षांची, म्हणजे ही धार २०२८ अखेर आटेल. त्याचा मित्र गुस्ताव्ह होल्स्ट याची कथा आणखी रंजक आहे. ‘द प्लॅनेट्स’ ही त्याची रचना जगभर वाजते. होल्स्ट १९३४ मध्ये गेला. तेव्हाच्या पन्नास वर्षांच्या मुदतीप्रमाणे ब्रिटनमधला हक्क १९८४ अखेर संपला, पण युरोपात सत्तर वर्षांचा नियम आला आणि मेलेला हक्क १९९६ मध्ये पुन्हा जिवंत झाला, तो २००४ अखेरपर्यंत. मुलगी इमोजेन हिनं स्थापलेल्या होल्स्ट फाउंडेशननं हयात ब्रिटिश रचनाकारांना हात दिला. त्यांच्या रचनांची ध्वनिमुद्रणं काढणारी एनएमसी ही संस्था १९८९ मध्ये त्याच पाठबळावर उभी राहिली. मंगळ-गुरू-शनी वाजत राहिले आणि त्या नावाजलेल्या ग्रहांनी अनोळखी माणसांची गाणी पोसली.

आपल्याकडे असं का होत नाही? दानत नाही म्हणून नव्हे. होल्स्टची रचना कागदावर पूर्ण आहे. कुठल्याही देशातला वाद्यवृंद ती वाजवतो तेव्हा तीच वाजते, आणि दर वेळी हिशोब होतो. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची. बाकीचा पाऊण तास गाणाऱ्याचा, त्या संध्याकाळचा, समोरच्या श्रोत्यांचा. कायद्याला दिसतात त्या दोन ओळी. कुमारजींची बंदिश आज शेकडो मैफलींत गायली जाते, गाणारा नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो, पण मैफल संपल्यावर कुणी त्या दोन ओळींचा हिशोब करून पाकीट पाठवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि कुणी पाठवायचं म्हटलं तरी घेणाऱ्याला संकोच वाटेल. बंदिश पोहोचावी यासाठीच तर ती शिकवलेली असते.

चित्रपटसंगीताचं गणित निराळं. इंदुरात २८ सप्टेंबर १९२९ ला जन्मलेल्या लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकालाही रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला. महंमद रफींचं मत वेगळं होतं आणि दोघांचं एकत्र गाणंच काही काळ थांबलं. कायद्यानं लताबाईंचं म्हणणं मानायला २०१२ साल उजाडलं. त्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा बांधून टाकला की तो वारस किंवा हक्कसंस्था सोडून कुणाला लिहून देता येत नाही, आणि गायकालाही व्यावसायिक वापराच्या मोबदल्यात वाटा मिळाला. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून आयपीआरएस ही हक्कसंस्था आहे, गायकांची संस्था २०१३ मध्ये झाली. ज्या वारसांनी तिथे नाव नोंदवलेलं नाही त्यांचा वाटा बुडतो असं नाही, पण तो आपण होऊन घर शोधत येत नाही.

तरीही मंगेशकरांच्या घरातली गोष्ट बघितली तर वारशाचा प्रवाह उलटाच आहे. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये पुण्यात गेले ते हलाखीत. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान, दर २४ एप्रिलचे पुरस्कार, पुण्यातलं २००१ चं रुग्णालय, हे काही दीनानाथांच्या नाट्यपदांच्या रॉयल्टीतून झालं नाही. नाव वडिलांचं, कष्ट मुलांचे, शिवाय देणगीदारांचा हात. भीमसेनांचंही तसंच. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, १९५३ पासून शिष्यानं पुण्यात पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळानं तो तिकिटांवर आणि प्रायोजकांवर वाढवला आणि २०११ मध्ये भीमसेन गेल्यावर उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्यही जाऊन बसला. कणकवलीला जा. तिथे वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. कोकणात ते नाटकासाठी ओळखलं जातं. आचरेकर कोण? कुमारजींचे तबलजी. तबल्याच्या ठेक्यावर रचनाकाराचा कोणता हक्क मिळतो? काहीच नाही. आणि तरी त्यांच्या नावानं एका तालुक्याच्या गावात पडदा वर जातो.

आपल्याकडे मागे राहिलेल्या माणसांना मिळकत मिळण्याऐवजी बहुधा कामच मिळतं. भानुकुलात हेच झालं. कुमारजींनंतर त्यांच्या पत्नी वसुंधराताई कोमकली तिथे शिकवत राहिल्या, २०१५ च्या जुलैत त्या जाईपर्यंत. कन्या कलापिनी आणि नातू भुवनेश गातात आणि शिकवतात. कुमार गंधर्व प्रतिष्ठान या नावानं कार्यक्रम आणि दस्तऐवजाचं काम चालतं. राजहंस प्रकाशनानं ‘कालजयी कुमार गंधर्व’ हे दोन खंड काढले, त्याच्या संपादनातही कलापिनीताई रेखा इनामदार-साने यांच्याबरोबर होत्या. ८ एप्रिल २०२३ पासूनचं जन्मशताब्दीचं वर्ष अनेक शहरांत साजरं झालं. घरच्या माणसाला इथे दोन्ही कामं करावी लागतात, स्वतःचं गाणं आणि वडिलांच्या गाण्याची राखण. एक दुसऱ्याला खातं. एखाद्या कारकुनी कागदावर सही करण्यात गेलेली सकाळ ही रियाजाची सकाळ असते, हे बाहेरून दिसत नाही.

शिष्यांनीही यात वाटा उचलला. सत्यशील देशपांडे यांनी मुंबईत ‘संवाद फाउंडेशन’ काढून केवळ कुमारजींचंच नव्हे तर निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांचं गाणं टिपून ठेवलं. त्यातलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. एकट्याच माणसाचं संग्रहालय केलं की ते देऊळ होतं. शेजारी दुसरे गवई असले म्हणजे कान तुलना करतो आणि ज्याच्या नावानं हे केलं तो जास्त कळतो.

इंदूरच्या दुसऱ्या थोर गवयाकडे पाहिलं की नेमकं उलटं चित्र दिसतं. उस्ताद अमीर खाँ. ‘इंदूर घराणं’ हे नावच त्यांच्यामुळे रूढ झालं. १३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले. ‘सुररंग’ या नावानं त्यांनी बंदिशी केल्या, पण अनूपरागविलाससारखं पुस्तक नाही. हयातीत निघालेल्या तबकड्या थोड्या, त्यात १९६० ची मारवा आणि दरबारीची अजून कानात आहे. बाकी त्यांचा वारसा आकाशवाणीच्या फितींत आणि खासगी कपाटांत. त्यांच्या नावाचा समारोह मध्य प्रदेश सरकारची संगीत अकादमी इंदुरात करते. सरकार कुमारजींच्या नावानं तरुण कलावंतांना सन्मान देतं, लताबाईंच्या नावाचा राष्ट्रीय सन्मानही १९८४ पासून आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण सरकारी समारोह म्हणजे मांडव, दिवे, हार, तीन कलावंत आणि पुढच्या वर्षीपर्यंत शांतता. ‘सुररंग’च्या सगळ्या बंदिशी कोणत्या, कुणाकडे कशा पोहोचल्या, त्यांचे पाठभेद काय, हे काम मांडव घालून होत नाही. त्यांचा हक्क २०३४ अखेर संपेल. त्याआधी त्यांची नीट यादी होईल का, हा मला हक्कापेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

आणि रसिकाचा वारसा? इंदुरात तोही आहे. रामूभैया दाते, अरुण दात्यांचे वडील. गाणारे नव्हते, ऐकणारे होते, आणि त्यांच्या ‘वाहवा’साठी मोठमोठे गवई जीव टाकत. आज ‘सानंद’ न्यासाच्या सभासदांचे जे समूह आहेत त्यांतल्या एकाला रामूभैयांचं नाव आहे, दुसऱ्याला राहुल बारपुत्यांचं. ऐकणाऱ्याच्या नावानं तिकिटाचा गट असणारं दुसरं गाव मला माहीत नाही. सभासदांची वर्गणी हा या व्यवस्थेचा कणा, आणि रॉयल्टीसारखी ती कुठल्या ३१ डिसेंबरला संपत नाही.

पलासियातल्या त्या नातीनं ठरवलंच की आजोबांच्या फितींभोवती एक छोटा न्यास करायचा, तर पहिला धक्का तिला पुण्यातल्या आतेभावाकडून बसेल. तो सांगेल, धर्मादाय आयुक्तांकडे जा. मध्य प्रदेशात धर्मादाय आयुक्त नाहीत. इथे १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा आहे आणि त्यात निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी. म्हणजे मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत, जमिनीचे वाद आणि दाखले यांच्या गर्दीत, हिचा संगीताचा अर्ज. न्यासाला एखादं घर दिलं तर पुढे ते विकताना निबंधकाची आधी परवानगी लागते. वैताग वाटतो, पण पलासियातल्या जमिनीचे भाव पाहता ही अट कितीतरी स्मारकांची शेवटची भिंत ठरू शकते.

मग आयकर. सवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातला पंच्याऐंशी टक्के भाग उद्देशासाठी खर्च व्हायला हवा, पंधराच टक्के बिनशर्त मागे ठेवता येतो. काम ‘शिक्षण’ या सदरात बसलं तर एक गोष्ट. ‘सार्वजनिक उपयोगाचं इतर काम’ यात गेलं तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर जाऊन चालत नाही. तिकिटं लावून मोठा महोत्सव करणाऱ्या संस्थेचा हिशेबनीस या वीस टक्क्यांपाशी रात्री जागतो.

आणि स्मृतिपुरस्कार. आपल्या लोकांना न्यास म्हटलं की आधी पुरस्कार सुचतो. सोपं गणित करू. दहा लाखांची ठेव, सात टक्के व्याज, वर्षाला सत्तर हजार. त्यातले साडेएकोणसाठ हजार खर्चायचे, साडेदहा हजार मुद्दलात टाकता येतील. मुद्दल वाढलं जेमतेम एक टक्का. महागाई पाच टक्क्यांनी चालली तर चौदा वर्षांत रुपयाची किंमत अर्धी होते. म्हणून तीस वर्षांपूर्वी भारदस्त वाटलेली पुरस्काराची रक्कम आज रिक्षाभाड्यासारखी वाटते, आणि हॉलचं भाडं, शाल, श्रीफळ, फलक यांचा खर्च पुरस्कारापेक्षा वर जातो. अशा समारंभांत मी बसलोय. कलावंत अवघडतो, देणारे त्याहून. त्यापेक्षा तेच पैसे चार विद्यार्थ्यांच्या तानपुऱ्याला गेले तर मला जास्त आवडेल. ज्यांना शाल आवडते त्यांच्याशी भांडण नाही.

राखणदाराच्या हाती एक काम आणखी असतं, ते म्हणजे नाही म्हणणं. घसा बसलेल्या दिवसाची मैफल प्रसिद्ध करायची का? आवाज उतरलेल्या शेवटच्या वर्षांची? लौकिकाच्या बाबतीत कायदा वारसांना एवढंच देतो की रचना विकृत करून कलावंताच्या नावाला बाधा आणली तर ते हरकत घेऊ शकतात. बाकी विवेक. आता तर प्रश्न फितीपलीकडे गेलाय. २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ चित्रपटातल्या एका गाण्यात रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून वापरले, कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. परवानगी घेतली हे चांगलं झालं, कारण ती घेतलीच पाहिजे असं कायदा अजून ठामपणे सांगत नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं होतं की व्यक्तिमत्त्वाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसाकडे जात नाही. बंदिश साठ वर्षं जपली जाते आणि तिला जन्म देणाऱ्या गळ्याला एक दिवसही नाही.

तर नात काय करील? आधी कबाडीला परत पाठवील. फीत आपल्या हातानं लावून बघायचा मोह टाळील. कारण जुन्या फितीचे दोन रोग असतात. एका जातीच्या फितीला आंबट वास सुटतो आणि ती ठिसूळ होते. दुसरीचा लेप चिकट होऊन यंत्राच्या तोंडाला लागतो आणि वाजवता वाजवताच गाणं खरवडून निघतं. त्यात माळव्याचा पावसाळा, बुरशी. जाणकाराकडे ती नेली की वेगाचा प्रश्न येतो. बॅटरी उतरलेल्या यंत्रावर टिपलेली मैफल नीट वेगानं लावली की चढ्या सुरात पळू लागते. काळी एकचा गवई पांढरी तीनला गेला की समजायचं, यंत्र दमलं होतं. मग पेटीच्या सुरावरून अंदाज घेत वेग जुळवायचा.

एवढं करून फाइल झाली तरी अर्धं काम उरतं. डबीवर ‘कुमार, नोव्हें. ६८’ एवढंच आहे. बैठक नक्की कुठल्या घरची? दुसरी बंदिश कुणाची? मधेच ‘क्या बात है’ म्हणणारा आवाज कुणाचा? आणि पेटीवर, तबल्यावर कोण? त्या बैठकीत जे पंचविशीत होते ते आज ऐंशी ओलांडून गेलेत. त्यांतले एक आजोबा रामबागेत अजून असतील तर त्यांना घरी जाऊन, चहा होऊ देऊन, हे ऐकवायला हवं. कानाला यंत्र लावलं तरी चालेल. ठेका सुरू झाला की पहिल्या आवर्तनातच ते सांगतील, अहो, हा तर आचरेकर. किंवा म्हणतील, छे, हा आचरेकर नव्हे.